वासोट्यावर मुक्काम का करू देत नाहीत?

नोव्हेंबरातला रविवार. कोयना धरणाच्या काठावरच्या बामणोलीच्या धक्क्यावर, वासोटा गडाकडं जाणाऱ्या बोटीची वाट बघत उभं राहिलं की एक बोलणं हमखास कानावर पडतं. कराड, इस्लामपूर, सांगलीकडून भल्या पहाटे निघून आलेली पाच-सहा पोरं, पाठीवर सॅक, सॅकला आडवा बांधलेला तंबू. त्यांना सांगितलं जातं की तंबू काही नेता येणार नाही, संध्याकाळी याच बोटीनं परत यायचं. मग त्यातला एक जण अजिजीनं म्हणतो, "काका, एवढ्या लांबून आलोय. एक रात्र वर काढतो, सकाळी उतरतो. दारू न्हाय, कचरा न्हाय. काय बिघडतंय?"

"न्हाय जमत," एवढं उत्तर मिळतं आणि बोटीची दोरी सुटते.

त्या पोराचा प्रश्न मला प्रामाणिक वाटतो. बाकीच्या गडांवर त्यानं रात्री काढलेल्या असतात, चांदणं बघितलेलं असतं, सकाळी कचरा गोळा करून खाली आणलेला असतो. इथंच काय वेगळं, हे त्याला कुणी सांगत नाही. खरं तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. बोट सुटायच्या गडबडीत ते मावत नाही, म्हणून इथं सवडीनं लिहितोय.

काठाएवढं जंगल

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे म्हणजे एक अंथरलेलं लुगडं आहे असं समजा. माण, खटाव, आटपाडी, जत हे त्याचं अंग. उघडा माळ, बाभळी, आणि वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही येईल तेव्हा खरा. पश्चिमेला मात्र महाबळेश्वरपासून कोयना, पाटण करत चांदोलीपर्यंत गेलेला गर्द हिरवा काठ आहे. त्या काठावर पाटण तालुक्यात पाथरपुंज नावाचं गाव आहे. २०१९ च्या पावसाळ्यात तिथं ७,००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस नोंदला गेला. जतला चौदाएक वर्षांत मिळून जेवढा पडतो, तेवढा एका पावसाळ्यात.

हे कसं होतं ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतल्या बाजूनं थेंब ओघळतात. गरम वाफ थंड झाकणाला लागली की तिचं पाणी होतं. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला थडकतो आणि त्याला वर चढावं लागतं. हवा वर चढली की फुगते आणि गार होते, हजार मीटरला साधारण सहा अंश. गार हवेला तेवढी वाफ धरून ठेवता येत नाही, ती माथ्यावरच सांडून मोकळी होते. मग तोच वारा पूर्वेला उतरतो, उतरताना तापतो, आणि दहिवडी-आटपाडीला पोचेपर्यंत त्याच्याजवळ द्यायला फारसं काही उरत नाही.

सांगलीकरांना हा पाऊस तसा ओळखीचा आहे, फक्त पुराच्या रूपानं. वारणा पाथरपुंजच्याच परिसरातून निघते आणि हरिपूरला कृष्णेला मिळते. कोयना महाबळेश्वराहून दक्षिणेला वाहत येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत जाते. माथ्यावर जे पडतं ते असं आपल्या दारात येतं.

आता या काठाची रुंदी बघा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हे जंगल उत्तर-दक्षिण लांबच लांब आहे, पण आडवं फार थोडं. एका अंगाला कोकणात कोसळणारा कडा, दुसऱ्या अंगाला धरणाचं पाणी नाहीतर शेतं. विदर्भातल्या जंगलांसारखं ते ऐसपैस पसरलेलं नाही. पसरट जंगलात माणूस कडेनं फिरला तरी जनावराला आत सरकायला जागा असते. इथं 'आत' म्हणावं असंच थोडं आहे. वासोट्याच्या माथ्यावर उभं राहिलात तर एका बाजूला शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाचं, पाणी दिसतं आणि दुसऱ्या बाजूला कोकणातली घरं. म्हणजे सबंध जंगल तुमच्या दोन नजरांच्या मध्ये मावतं.

झाडंही या हवेनं घडवलेली आहेत. चार महिने धो धो पाऊस, मग आठ महिने जवळजवळ कोरडे, वर माथ्यावरचा वारा. तरी रान बारमाही हिरवं. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, पारजांब ही इथली नेहमीची झाडं. अंजनीचं पान तोडू नका, नुसतं दोन बोटांत धरून बघा. चामड्यासारखं जाड आणि वरून तुकतुकीत. ते मेणचट आवरण पानातलं पाणी उडू देत नाही, त्याच्या जिवावर झाड मे महिन्यापर्यंत तग धरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच अंजनीच्या फांद्यांना जांभळट निळ्या फुलांचे गुच्छ लगडतात. ही झाडं फार उंच होत नाहीत, पण एकमेकांत अशी गुंतलेली असतात की शेकरू जमिनीला पाय न लावता कुठल्या कुठं जातं. पायथ्याच्या चौकीपासून पाच मिनिटं चाललात की ऊन मागं राहतं, अंगावर गारवा येतो आणि पायाखाली पाचोळ्याचा आवाज बदलतो, कोरडा कुरकुरीत होता तो ओलसर दबका होतो. त्या ओलाव्यातच पुढच्या पिढीची रोपं उभी असतात, करंगळीएवढी. वाट सोडून चाललं की पहिला पाय त्यांच्यावर पडतो.

एका जमिनीवर तीन नोंदी

"अभयारण्य म्हणतात, राष्ट्रीय उद्यान म्हणतात, व्याघ्र प्रकल्प पण म्हणतात. नक्की काय आहे?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. सातबाऱ्याची सवय असलेल्या माणसाला हे चटकन समजेल. जमीन तीच असते, पण तिच्यावर वेगवेगळ्या काळात वेगवेगळे फेरफार चढलेले असतात.

कोयना आणि चांदोली या दोन्ही जंगलांवर पहिली नोंद १९८५ ची, अभयारण्य म्हणून. वासोटा कोयना अभयारण्यात येतो. अभयारण्यात वन्यजीवांना संरक्षण असतं, पण आजूबाजूच्या लोकांचे काही जुने हक्क शासन तपासून चालू ठेवू शकतं. २००४ मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हे उद्यान सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या शिवेवर आहे, साधारण ३१७ चौरस किलोमीटरचं. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की नियम आणखी घट्ट होतात, गुरं चारायलासुद्धा मनाई. मग २०१० मध्ये कोयना आणि चांदोली एकत्र धरून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. या दोन जंगलांचा मिळून सुमारे ६०० चौरस किलोमीटरचा गाभा, ज्याला सगळे कोअर म्हणतात, आणि भोवती साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या वर बफर. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात महाराष्ट्रातली चार आहेत आणि कास, कोयना, चांदोली ही तीन त्यांतलीच. चौथं राधानगरी.

कोअर आणि बफर यांतला फरक एवढाच लक्षात ठेवा: बफरमध्ये माणूस आणि जनावर यांनी सांभाळून एकत्र राहायचं आहे, गावं आहेत, शेती आहे. कोअरमध्ये माणसानं राहायचंच नाही, ती जागा जनावरांसाठी मोकळी ठेवायची. वासोटा कोअरमध्ये आहे. चांदोलीत झोळंबीच्या सड्याकडे, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठाराकडे, जाता तोही कोअरच.

इथं आपल्या समजुतीतली एक गाठ सोडवायला हवी. आपल्याला वाटतं की जंगल मुळात सगळ्यांना खुलं आणि वनखातं अधूनमधून अडवतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची मांडणी उलटी आहे. त्यात मुळात प्रवेश बंद आहे. कामावरचा सरकारी माणूस, तिथं राहायला परवानगी असलेला, तिथं ज्याची स्थावर मालमत्ता आहे तो, सार्वजनिक रस्त्यानं पलीकडं जाणारा, अशा मोजक्या लोकांना मोकळीक. बाकी कुणालाही आत जायचं तर परवाना लागतो, आणि तो कशासाठी देता येतो हेही कायद्यात लिहिलंय: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, तिथं राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. बामणोलीत आपण जी पावती घेतो ती या बंद दारातून मिळालेली काही तासांची वाट आहे. ती दिवसाची आहे, कारण रात्र या जंगलात कुणाची असते ते पुढं सांगतो.

त्याआधी वाघाबद्दल थोडं, कारण "इथं कुठं वाघ आहे?" असं विचारून अनेक जण हा सगळा विषयच उडवून लावतात. वासोट्याला व्याघ्रगड म्हणतात, पण प्रकल्प जाहीर झाल्यावरही बरीच वर्षं वाघाचा ठावठिकाणा म्हणजे एखादा ठसा, एखादी विष्ठा एवढाच होता. २०१८ च्या मे महिन्यात कॅमेऱ्यात वाघ आला. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एक नर वाघ टिपला गेला, आणि अंगावरचे पट्टे जुळवून बघितल्यावर कळलं की हाच वाघ आधी राधानगरीत दिसला होता. पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, दोन वाघांचे सारखे नसतात. म्हणजे हा गडी दक्षिणेकडून डोंगराच्या धारेधारेनं चालत आला. गोवा-कर्नाटकाच्या जंगलांतून तिलारी, राधानगरी, चांदोली, कोयना अशी ही जंगलांची साखळी आहे आणि तिच्यातून घाटरस्ते आडवे जातात. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याकडून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली, ते याच साखळीत पुन्हा वाघाचं बिऱ्हाड बसावं म्हणून. नव्या मुलखात बिऱ्हाड शोधणारं जनावर बुजरं असतं. ज्या पाणवठ्यावर रोज रात्री माणसांचा आवाज, त्या बाजूला ते फिरकणार नाही, आणि एवढ्या अरुंद जंगलात एक बाजू गेली म्हणजे फार गेलं.

तंबूला आवडणारी जागा

तंबू कुठं लावतात? सपाटीवर. डोंगरात सपाटी कुठं असते? सड्यावर. अडचण नेमकी इथं आहे.

सह्याद्री काळ्या पाषाणाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा उफाळत राहिला, थरावर थर साचले, त्यांचा हा डोंगर. माथ्यावर मात्र पावसानं त्या दगडाचा कस धुऊन नेला, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागं राहिलं आणि तयार झाला जांभा. कास, झोळंबी ही पठारं त्या जांभ्याची. लांबून बघितलं तर मोकळं, ओसाड, पायाखाली खडबडीत तांबडा-काळा दगड. एप्रिलमध्ये बघणाऱ्याला वाटेल इथं बिघडवण्यासारखं आहेच काय.

गुडघ्यावर बसून बघा. दगडाच्या खळग्यांत बोटभरसुद्धा नसेल एवढी माती असते. त्या मातीत लाखो बिया पडून असतात. जूनमध्ये पाऊस आला की त्या उगवतात आणि ऑक्टोबर संपायच्या आत त्यांना फुलून, बी धरून, ते बी पुन्हा त्याच चिमूटभर मातीत टाकून मरायचं असतं. तेरडा, गेंद, सोनकी, सीतेची आसवं. यातली सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती किडे खातात, कारण त्या मातीत नायट्रोजन फार थोडा असतो, तो त्या किड्यांतून मिळवतात. पावसाळ्यात पाय पडला तर रोप मोडतं हे सगळ्यांना दिसतं. उन्हाळ्यात त्याच जागी शेकोटी पेटवली तर पुढच्या वर्षीची फुलं त्या राखेत गेलेली असतात, आणि ते कुणालाही दिसत नाही. तो काळा गोल डाग पुढं कितीतरी पावसाळे बोडका राहतो.

सड्याचं आणखी एक काम आहे. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. डोंगरातली जुनी वस्ती, देऊळ, देवराई बहुधा सड्याच्या कडेला सापडते ती या झऱ्यामुळं. आणि उन्हाळ्यात जनावरं येतात ती याच ठिकाणी.

पाणी, आणि अंधार

मुक्काम करायचा तर माणूस पाण्याजवळ करतो. गडावरची टाकी, झऱ्याची कुंडी, ओढ्यातला उरलेला डोह. फेब्रुवारी उलटला की अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या उरतात. दिवसभर सावलीत पडून राहिलेले गवे, सांबर, भेकरं, अस्वल, बिबट्या यांची त्या पाण्यावर यायची वेळ म्हणजे दिवेलागण ते पहाट. पाण्याशेजारी तंबू असला तर गवा येत नाही. तो हल्ला करत नाही, भांडत नाही, शंभर पावलांवर थांबून वास घेतो आणि परत फिरतो. तंबूतल्या पोरांना वाटतं रात्र शांत गेली, कुणी आलंच नाही. कुणी आलं नाही हेच तर नुकसान. व्यायलेल्या मादीला एक रात्र पाणी चुकणं म्हणजे काय, हे गाई-म्हशी पाळलेल्या माणसाला सांगायला नको.

वैशाखात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर प्राणी मोजतात. मचाणावर बसणाऱ्यांनी हलायचं नाही, बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, विडी-तंबाखू नाही. मोजायला बसलेल्या माणसालाही जिथं श्वास धरून बसावं लागतं, तिथं चूल, गप्पा आणि हेडलॅम्पचा प्रकाश यांचं काय होत असेल याचा अंदाज करा.

शेकोटीचं तर नावच नको. संक्रांतीनंतर माथ्यावरचं गवत वाळून कोळ होतं आणि वारा सुटतो. वनखात्याची माणसं जाळरेषा काढून ठेवतात, म्हणजे वणवा आलाच तर तिथं अडावा म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करतात. उडालेली एक ठिणगी ती रेषा सहज ओलांडते. शिवाय कड्यांना आग्यामोहोळं लटकलेली असतात. धूर त्यांच्यापर्यंत गेला की माश्या खवळतात, आणि कड्याच्या वाटेवर माश्या मागं लागल्या तर पळायला जागा नसते. सह्याद्रीतल्या गडांवर असे अपघात झालेले आहेत. म्हणून अत्तर-डिओ फवारून जायचं नाही, कड्याजवळ आरडाओरडा नाही, दगड तर अजिबात फेकायचा नाही.

वाट कुणाची आहे ते ओळखा

या जंगलात हरवणं सोपं आहे, आणि त्याचंही कारण इतिहासात आहे. वाटा पडल्या त्या गावांमुळं. कोकणातून माल घेऊन चढणारे, गुरं हाकणारे धनगर, शृंगारपूरहून प्रचितगडावर येणारे, चोरवण्याहून नागेश्वरच्या गुहेतल्या महादेवाला येणारे, यांच्या पायांनी घाटवाटा मळल्या. गावं उठली, पाय थांबले, वाटा बुजल्या. आता त्या जागी नव्या वाटा दिसतात, अगदी रुंद, मळलेल्या, मोहात पाडणाऱ्या. त्या गव्यांच्या असतात.

एकदा पाटणच्या वरच्या अंगाला बफरमधल्या डोंगरात मी अशा वाटेला लागलो होतो. पाऊण तास झकास चाललो. वाट एकाच उंचीवर डोंगराला वळसा घालत राहिली, उतरायचं नाव घेईना, आणि शेवटी एका गवताळ खोबणीत जाऊन संपली. तिथं ओलं शेण आणि बशीएवढे खूर. सोबतच्या धनगरबाबांनी मागं वळवलं आणि सांगितलं, "माणसाची वाट गावाकडं जाती, जनावराची चाऱ्याकडं आन् पाण्याकडं." तेव्हापासून मी तीन गोष्टी बघतो. वाटेला जुना घडवलेला दगड किंवा पायरी आहे का, झाडांवर कोयत्याची जुनी खूण आहे का, आणि माझ्या छातीच्या उंचीवर फांद्या मोकळ्या आहेत का. गवा खांद्याला माणसाएवढा असला तरी मान खाली घालून रेटत जातो, त्याच्या वाटेवर फांद्या आपल्या तोंडावर येतात. यातलं काहीच नसलं तर आहे तिथून उलटं फिरायचं. दिवसा ही चूक पाऊण तासाची असते. धुक्यात किंवा अंधारात, जिथं कारवीच्या झुडपांपलीकडं थेट कोकणकडा आहे तिथं, ती चूक सुधारता येत नाही. मोबाईलला रेंज नसते, आणि शोधायला माणसं यायची तर त्यांनाही बोटीनंच यावं लागतं.

चालताना गवा समोर आला तर थांबा, त्याला बघू द्या, झाडाच्या आडोशाला होऊन वाट मोकळी करा. अस्वल अचानक समोरासमोर आलं तर जास्त घातक, म्हणून दाट कारवीत हलक्या आवाजात बोलत चाला. पाचोळ्यात हात घालून लाकूड उचलू नका, फुरसं तिथंच असतं. पावसाळ्यात बफरच्या डोंगरात जळवा लागतात. त्या ओढून काढायच्या नाहीत, मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की सुटतात. रक्त नंतरही थोडा वेळ वाहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारा रस सोडते. घाबरायचं कारण नाही. कोअर मात्र पावसाळ्यात बंदच, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत.

आता त्या मुक्कामाच्या प्रश्नाचं जे उत्तर मला सगळ्यांत जड वाटतं, ते.

जंगलात चालताना मध्येच फणसाचं झाड दिसतं, मग दुसरं, मग ओळीनं आंबे. रान असं ओळीत वाढत नाही. जरा थांबून बघितलं की पाचोळ्याखाली चौथऱ्याचे दगड दिसतात. एका ठिकाणी मला जात्याची खालची तळी दिसली. वरची तळी बेपत्ता, मधल्या भोकातून एक रोप उगवलेलं, आणि दगडावरचे टाके, म्हणजे छिन्नीच्या खाचा, बोटाला अजून लागत होते. टाके लावून घेतलेलं जातं, म्हणजे घर सोडायच्या आधी थोड्याच दिवसांपूर्वी कुणीतरी पाथरवटाला बोलावलं होतं. आणखी पुष्कळ दळायचं आहे असं त्या घरातल्या बाईला वाटत होतं.

कोयना धरण साठच्या दशकात उभं राहिलं आणि खोऱ्यातली गावं शिवसागराखाली गेली. तिकडं वारणेवर चांदोलीचं धरण झालं. वर जी गावं उरली, त्यांतली बरीच पुढं अभयारण्य आणि उद्यानासाठी उठली. काही माणसं तर दोनदा उठली. डोंगरातला नाचणी-वरीचा शेतकरी पूर्वेच्या सपाट, अनोळखी मुलखात जाऊन बसला, आणि जमिनीसाठी, पाण्यासाठी त्यांची आंदोलनं वर्षानुवर्षं चालली. आज आपण जे दाट, निर्मनुष्य जंगल बघून हरखतो त्याची किंमत त्यांनी भरलेली आहे. ज्यांच्या कैक पिढ्या इथं राहिल्या, त्यांना सांगितलं गेलं की जनावरांसाठी ही जागा मोकळी करा. त्यांनी केली. मग शनिवारी आलेल्या आपल्याला एका रात्रीची सूट कुठल्या तोंडानं मागायची?

एकदा परतीच्या बोटीत मी बोटवाल्याला विचारलं होतं, इथं कधी राहिलायस का म्हणून. त्यानं सुकाणू न सोडता पाण्याकडं हनुवटी केली. "माझा बा ह्याच पाण्याखालच्या वावरात औत धरायचा. उन्हाळ्यात पाणी लय खाली गेलं की बांध दिसत्यात." मग म्हणाला, "मीबी सांच्याला म्हागारीच जातो की."

तर दिवसाचा हिशोब असा ठेवा. बामणोलीहून पहिल्या बोटींपैकी एक धरा, पाण्यावर तास-दीड तास जातो. पायथ्याला मेट इंदवलीच्या चौकीत नावं लिहितात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, त्यात थोडा वेळ जाणारच. पुढं पाच-सहाशे मीटरचा चढ आहे. सवय नसलेला माणूस तासाला तीनशे मीटर चढला तरी पुष्कळ, म्हणजे दोन-अडीच तास धरा. नागेश्वरचाही बेत असेल तर तो वेगळा दिवस समजा. दोन्ही एका दिवशी ओढायला गेलं की उतरताना पळापळ होते आणि घसाऱ्यावर गुडघे मुरगळतात. पाणी माणशी तीन लिटर खालूनच न्या, टाक्यातलं जनावरांसाठी राहू द्या. बाबूकड्यावर बसून भाकरी खा. आणि दोन वाजता जिथं असाल तिथून मागं फिरा, मग माथा पन्नास पावलांवर का असेना.

खाली आलात की बोटवाला माणसं मोजतो. सकाळचा आकडा त्याच्या डोक्यात पक्का असतो. एक जण कमी भरला तर इंजिन चालू होत नाही.